हरकत कुणाची? : मुळशीच्या संदर्भात डिजिटल पर्यावरण मोहिमांचा विचार

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे पडतात आणि पुढे मुळशीच्या धरणाचे पाणी दिसू लागते. सुट्टीच्या दिवशी या पाण्यापाशी थांबून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते आणि ते फोटो क्षणात चहूकडे पोचतात. याच पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी शंभर वर्षांपूर्वी लढा झाला, तेव्हा लोकांपर्यंत पोचण्याची साधने होती वर्तमानपत्रे, छापील पत्रके, सभा आणि गावोगाव पायी हिंडणारे कार्यकर्ते. आज पर्यावरणाच्या एखाद्या प्रश्नावर काही दिवसांत लाखभर सह्या जमू शकतात. साधनांतला हा फरक कुणालाही दिसतो. त्यामुळे लोकांच्या सहभागाच्या स्वरूपात नेमका कोणता फरक पडला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तोच विचारायचा आहे.

डिजिटल मोहिमांविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते आढळतात. एका मताप्रमाणे मोबाइलने चळवळ घराघरांत नेली. दुसऱ्या मताप्रमाणे अंगठ्याने स्क्रीन सरकवून होते ती चळवळच नव्हे. ही दोन्ही मते साधनापाशी थांबतात, मजकुरापर्यंत जात नाहीत. पत्रक, ठराव, अर्ज, हरकत हे सारे अखेर लेखनाचे प्रकार आहेत. ते कोण लिहितो, कुणाच्या नावाने लिहितो, कोणत्या भाषेत लिहितो आणि लिहिलेले कुणाच्या हाती राहते, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाहीत. ते या मोहिमांना लावून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. डिजिटल साधनांनी लोकांचा आवाज गोळा करून वर पोचवण्याचे काम चांगले केले, पण निर्णयाची कागदपत्रे लोकांच्या भाषेत खाली पोचवण्याचे काम फार थोडे केले. पहिले काम दुसऱ्याविना झाले, तेव्हा मोहीम मोठी दिसली आणि ज्यांची जमीन होती ते लोक तिच्यात लहान झाले. मुळशीचा इतिहास हेच सांगतो.

१

टाटा कंपनीने नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरवले, ते मुंबईला वीज पुरवण्यासाठी. घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात उतरवून भिरा येथे वीज तयार करायची, अशी ती योजना. तेव्हाच्या मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावांना तिची झळ बसणार होती आणि भातशेतीवर जगणारी अकरा हजारांच्या आसपास माणसे उठणार होती. १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीच्या बाजूने होता. १९२१च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या जागेवर जाऊन सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही या लढ्यातली ठळक नावे. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. सुरुवातीला पुण्याची वृत्तपत्रे आणि पुढारी पाठीशी उभे राहिले. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून टाटांना आवाहन केले. काम काही महिने थांबलेही. मग सरकारने कायद्याने जमिनी घेण्याचा मार्ग धरला. सत्याग्रहाचा दुसरा टप्पा झाला, बायका-पुरुष तुरुंगात गेले. १९२४ सरता सरता बापटांनी आगगाडी अडवली, त्यांना दीर्घ कारावास झाला आणि लढा संपला.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा मूलगामी अभ्यास केला. 'द वर्ल्ड्स फर्स्ट अँटि-डॅम मूव्हमेंट' या नावाने त्यांचा ग्रंथ २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. शीर्षकातला 'जगातला पहिला' हा मान आपण आवडीने सांगतो. ग्रंथातली अधिक महत्त्वाची आणि अधिक अवघड गोष्ट वेगळी आहे. जमीन कसणारा मावळा आणि कागदावर जमिनीचा मालक किंवा धनको असलेला सावकार यांचे हितसंबंध एक नव्हते. मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला जमीन जाणार असेल तर तिची चांगली किंमत हवी होती. पुण्यातले बरेच पुढारी आणि हे सावकार एकाच सामाजिक वर्तुळातले होते. लढा लांबला तसा प्रश्न 'जमीन देणार नाही' यावरून 'मोबदला किती' यावर सरकला. हा सरकलेला प्रश्न मावळ्याचा नव्हता.

आता मजकुराकडे पाहू. 'मुळशीचा लढा', 'मुळशीकरांचा निर्धार' अशा शब्दांत मावळा आणि सावकार दोघेही मावतात. सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी अशा शब्दांची गरज असते. तडजोडीची वेळ आली की मात्र 'आम्ही' म्हणून बोलायला बसतो तो लिहिता-वाचता, कागद हाती असलेला माणूस. भात लावणाऱ्याच्या हाती कागद नव्हता. शहराचा पाठिंबा खोटा नव्हता. पण तो शहराच्या भाषेत मांडला गेला आणि शहराच्या भाषेतच मागे घेता आला. पुढील विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे.

२

अलीकडच्या दोन मोहिमांमध्ये डिजिटल साधनांची ताकद पूर्णपणे दिसली.

पहिली मुंबईच्या आरे वसाहतीची. मेट्रोच्या कारशेडसाठी अडीच हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आला, तेव्हा ८२ हजारांहून अधिक हरकती नोंदवल्या गेल्या. ऑगस्ट २०१९मध्ये प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली, लोक रात्रीच आरेत धावले, अनेकांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

या घटनाक्रमात दोन वेगळी कामे आहेत. ८२ हजार हरकतींनी निर्णय बदलला नाही. रात्रीच्या एका निरोपाने मात्र माणसे जागेवर आली आणि प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संख्या मोजली जाते तिथे मोबाइल कमी पडला. तातडीने धावून जायचे होते तिथे तो उपयोगी पडला.

दुसरी मोहीम पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २०२०च्या मसुद्याविरुद्धची. टाळेबंदीच्या काळात केंद्र सरकारने हा मसुदा प्रसिद्ध केला. २००६च्या अधिसूचनेत जनसुनावणीसाठी किमान ३० दिवसांची सूचना होती. मसुद्यात ती २० दिवसांवर आणली होती. परवानगीवाचून सुरू केलेल्या प्रकल्पांना नंतर परवानगी देण्याची वाटही त्यात होती. सभा-मोर्चे शक्य नव्हते, म्हणून तरुणांच्या गटांनी समाजमाध्यमांवर सोपी टिपणे, चित्रे आणि ईमेलचे तयार नमुने दिले. सुमारे १७ लाख पत्रे मंत्रालयाकडे गेल्याचे सांगितले गेले. जुलै २०२०मध्ये अशा तीन गटांची संकेतस्थळे बंद पाडली गेली. त्यांतल्या एका गटाला दिल्ली पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली नोटीस बजावली आणि नंतर ती चूक म्हणून मागे घेतली. तक्रार काय, तर मंत्र्यांच्या पत्त्यावर एकसारख्या विषयाचे ईमेल मोठ्या संख्येने आले. नागरिकाने सरकारला पत्र लिहावे आणि ते फार आले म्हणून गुन्हा व्हावा, हा प्रकार लोकशाहीला शोभणारा नव्हता.

या मोहिमेचे यश नाकारता येत नाही. तो मसुदा त्या स्वरूपात अंतिम झाला नाही. पण त्यातल्या काही गोष्टी पुढे कार्यालयीन ज्ञापनांच्या आणि सुट्या दुरुस्त्यांच्या रूपाने आल्या. नियमभंग केलेल्या प्रकल्पांसाठी मंत्रालयाने जुलै २०२१मध्ये एक कार्यपद्धती ज्ञापनाद्वारे काढली आणि तिच्यावरचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. मसुद्यावर हरकत मागवावी लागते. ज्ञापनावर कुणी हरकत मागवत नाही. मोहीम मसुद्याच्या मुदतीशी बांधलेली होती. मुदत संपली आणि पुढची कागदपत्रे वाचत राहण्याचे काम मूठभर वकील आणि अभ्यासकांकडे राहिले.

इथे तयार नमुन्याचा विचार केला पाहिजे. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस बसत असे, काही ठिकाणी अजून बसतो. अर्ज तो लिहितो, शब्द त्याचे असतात. पण लिहिण्याआधी तो समोरच्याला विचारतो : नाव काय, गाव कोणते, गट नंबर किती, तक्रार कशाची? त्या चार प्रश्नांमुळे सरकारी भाषेतल्या अर्जातही त्या माणसाचे काहीतरी उतरते. डिजिटल नमुना फक्त नाव विचारतो. तक्रार त्याच्याकडे आधीच तयार असते. कायदा न कळणाऱ्यालाही त्यामुळे बोलता येते, हा मोठाच फायदा. तोटा असा की लाख माणसे बोलतात आणि कारण एकच राहते. प्रशासनाला मग लाख हरकतींना एकच उत्तर द्यावे लागते. याउलट दहा माणसांनी आपापल्या ओढ्याची, चराऊ रानाची, देवराईची दहा वेगळी कारणे लिहून दिली, तर त्यांना दहा उत्तरे द्यावी लागतात. संख्या जमवताना मोहिमा हा तपशील गमावतात आणि स्थानिक माणसाकडे तपशीलच तर असतो.

३

मुळशी तालुक्याला आज थेट लागू होणारा प्रश्न पश्चिम घाटाचा आहे. २०१० साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरविज्ञान तज्ज्ञ गट नेमला गेला. या गटाने घाटाचे सुमारे ९ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभाजन केले, प्रत्येक चौकटीची माहिती संगणकावर एकत्र केली आणि संवेदनशीलतेच्या पायऱ्या ठरवल्या. तंत्र आधुनिक होते, पण गाडगीळांचा आग्रह वेगळ्याच गोष्टीवर होता. हे नकाशे अंतिम नाहीत, ते स्थानिक भाषेत ग्रामसभांपुढे जावेत आणि सीमा तिथल्या चर्चेतून ठरावी. अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सादर झाला आणि मंत्रालयाने तो दडवून ठेवला. माहिती अधिकाराखाली अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मे २०१२मध्ये अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. लोकसहभागाच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी डिजिटल घटना म्हणजे एक फाइल सर्वांसाठी खुली होणे, ही होय. मात्र ती फाइल इंग्रजीत होती.

त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने २०१३मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि गावांची यादी केली. आकाशातून पाहून यादी करण्याची ही पद्धत नेमकी होती. जमिनीवरच्या माणसाशी तिचे बोलणे झालेले नव्हते. मार्च २०१४पासून केंद्राने अधिसूचनेचे मसुदे पुन्हा पुन्हा काढले. ३१ जुलै २०२४चा मसुदा सहा राज्यांतील ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आहे. त्यात महाराष्ट्राचे १७ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्र आणि दोन हजारांवर गावे येतात. पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्याच्या तालुक्यांत मुळशीही आहे. हा मसुदा निघाला त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गेली होती. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ रोजी, आपल्याच जिल्ह्यातले आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले होते आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली होती. विषय किती गंभीर आहे हे सांगायला याहून अधिक काही नको.

हरकती-सूचनांसाठी मुदत ६० दिवसांची. त्या टपालाने किंवा ईमेलने पाठवायच्या. आता ही मुदत मुळशीच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहू. ६ जुलै २०२२चा मसुदा आला तेव्हा खाचरांत आवणी चालू होती. ३१ जुलै २०२४चा आला तेव्हा ताम्हिणीच्या अंगाला पाऊस कोसळत होता. पुढे बेणणी, मग गौरी-गणपती. पावसात वीज जाते, मोबाइलला रेंज राहत नाही. आपल्याकडे ग्रामसभेचे ठरीव दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. २०२४च्या मुदतीत १५ ऑगस्टची एकच ग्रामसभा येत होती, मसुदा निघाल्यावर अवघ्या पंधरवड्यात. २ ऑक्टोबरच्या सभेपर्यंत मुदत उलटून गेली. ईमेलचा पत्ता दिला की सहभागाची सोय झाली, असे दिल्लीत वाटत असेल. राजपत्रातल्या लांबलचक यादीत आपले गाव शोधणे, त्यातही इंग्रजी लिप्यंतरातून शोधणे, हे काम खाचरात वाकलेल्या माणसासाठी कुणी केले होते?

ही पोकळी रिकामी राहत नाही. अधिकृत मजकूर पोचत नाही तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पोचतो. शेती बंद होणार, घर दुरुस्त करता येणार नाही, गुरे रानात नेता येणार नाहीत, अशा अफवा सगळ्या घाटमाथ्यावर फिरल्या. २०१३च्या नोव्हेंबरात केरळात याच विषयावर हिंसक आंदोलने झाली. मसुदा प्रत्यक्षात काय म्हणतो? तो खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपशावर बंदी घालतो. नवी औष्णिक वीज केंद्रे आणि लाल वर्गातले नवे उद्योग रोखतो. २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या नव्या बांधकामांना आणि मोठ्या नगरवसाहतींना मनाई करतो. शेतीवर बंदी त्यात नाही. म्हणजे ज्याच्या धंद्याला खरी अडचण होती तो डोंगर विकत घेणारा बांधकाम व्यावसायिक, आणि घाबरला तो शेतकरी. १९२१मध्ये सावकाराचा प्रश्न मावळ्याच्या तोंडी आला. आज तेच अधिक वेगाने घडते.

या तालुक्याला मोठ्या नगरवसाहतीचा अनुभव नवा नाही. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांच्या डोंगरांत, वरसगाव धरणाच्या काठी उभारलेल्या लवासाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१०मध्ये परवानगीवाचून केलेल्या बांधकामाबद्दल नोटीस बजावली. वर्षभराने पहिल्या टप्प्याला सशर्त परवानगी मिळाली आणि २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हे डोंगर कसे कापले गेले, ते आज कुणालाही गुगल अर्थवरची जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवून घरबसल्या पाहता येते. पुराव्याचे हे लोकशाहीकरण मोठे आहे. पण चित्र पाहणारा पुण्यात आणि डोंगर मुळशीत, अशी विभागणी राहिली तर तो पुरावा पुण्याच्या वादात वापरला जाईल, गावाच्या ठरावात उतरणार नाही.

४

शहरी मोहिमांवर इतके बोलल्यावर एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. शहरातली माणसेही पर्यावरणाची हक्कदार आहेत. बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध, वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर एप्रिल २०२३मध्ये मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, तेव्हा समाजमाध्यमांनी त्यांना एकत्र आणले. ती टेकडी त्यांच्या रोजच्या पायांखालची होती. चढ माहीत होता, झाडे माहीत होती. तिथे हरकत घेणारा आणि ज्याचे नुकसान होणार तो, माणूस एकच होता. आक्षेप शहराला नाही, अंतराला आहे. बोलणारा आणि भोगणारा यांच्यात जितके अंतर, तितकी तपशील कमी होण्याची आणि प्रश्न सरकण्याची भीती अधिक.

हे अंतर तंत्रज्ञानाने कमी होऊ शकते, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. पाणी फाउंडेशनने २०१६मध्ये तीन तालुक्यांत सुरू केलेली वॉटर कप स्पर्धा दोन वर्षांत ७५ तालुक्यांत गेली. पाणलोटाची कामे कशी करायची हे गावकऱ्यांना मराठीत, चित्रफितींतून आणि मोबाइलवरून शिकवले गेले. तिच्यातला यंत्रांचा वापर आणि पाण्याच्या वाटपाचा राहिलेला प्रश्न यांवर जाणकारांनी टीका केली, ती योग्यही होती. तरी माहितीच्या प्रवाहाची दिशा इथे उलटी होती. मोबाइल गावाकडून सही घेत नव्हता, गावाला ज्ञान देत होता, आणि त्याचा परिणाम शिवारात मोजता येत होता. मात्र श्रमदानाला कुणाची हरकत नसते. धरण, खाणी आणि वसाहती यांच्या प्रश्नात सत्ता समोर उभी असते. तिथे हीच दिशा टिकवणे अवघड आहे आणि तिथेच तिची गरज आहे.

म्हणून कोणत्याही डिजिटल मोहिमेला चार प्रश्न विचारावेत असे सुचवतो. मूळ कागद स्थानिक भाषेत, एका बैठकीत वाचता येईल इतक्या लांबीचा करून गावात पोचवला का? हरकतीत त्या जागेचा तपशील आहे का, की नाव तेवढे बदलले आहे? हरकतीची प्रत आणि तिला मिळालेले उत्तर गावाच्या दप्तरात राहिले का? मुदत संपल्यावर पुढचे कागद कोण वाचणार हे ठरले आहे का? या चारही कामांना मोबाइल उत्तम साधन आहे. लिहिता न येणाऱ्या आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याची लेखी हरकत करता येते. ओढ्याचा फोटो जागेच्या नोंदीसह जोडता येतो. सातबारा आणि नकाशे आता ऑनलाइन पाहता येतात. ग्रामसभेत ठराव झाला तर त्याची प्रत त्याच दिवशी दिल्लीला जाऊ शकते. तंत्र हजर आहे. ते कुणाच्या कामाला लावायचे एवढेच ठरवायचे आहे.

त्यासाठी लागणारी माणसे शहरात आहेत. इंग्रजी राजपत्र वाचून त्याचे सरळ मराठी करू शकणारी, कायदा समजून सांगू शकणारी. साहित्यिक नियतकालिकांचे वाचक त्यांतच मोडतात. आपण बहुधा सही करतो आणि निरोप पुढे पाठवतो. त्याऐवजी एका मसुद्याची दोन पाने मराठीत करून १५ ऑगस्टच्या आधी एका गावात वाचून दाखवली, तर त्या गावाची हरकत त्या गावाच्या शब्दांत होईल. १९२१मध्ये पुण्याने मुळशीला पुढारी दिले, वृत्तपत्रे दिली, पैसाही दिला. मावळ्याच्या हाती कागद मात्र दिला नाही. ते काम अजून बाकी आहे.